पदपथावरचा कडुनिंब

फुलांविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही, हे आरंभीच नोंदवून ठेवतो. तक्रार आहे ती फुले पाहणाऱ्यांविरुद्ध, आणि ती मी मागे घेणार नाही.

हृदयाच्या दुखण्यातून उठल्यावर डॉक्टरांनी मला रोज सकाळी चालण्याची सक्ती केली, आणि चेन्नईत चालायचे तर ते ऊन चढण्याआधी उरकावे लागते. आवडी नावाच्या उपनगरातील एका कारखान्यात विधी अधिकारी म्हणून आयुष्य काढल्यामुळे रस्त्याने जाताना मला जे दिसते ते इतरांना दिसत नाही, किंवा दिसूनही त्यांना त्याचे काही वाटत नाही. आमच्या वसाहतीच्या कोपऱ्यावर वसंतराणीचे झाड आहे. फेब्रुवारी संपता संपता ते अंगावर एकही पान न ठेवता गुलाबी होते, आणि त्याखाली रहिवाशांचा एक जथा फोन उंचावून उभा राहतो. हा आमच्या रहिवासी संघाचा ‘बहर फेरी’ नावाचा उपक्रम आहे. सर्वांचे लक्ष वर असल्यामुळे खोडाकडे कुणी पाहत नाही. त्या खोडाला गणिताच्या शिकवणीचा पत्रा खिळ्यांनी ठोकलेला आहे. त्याखाली भाड्याची घरे मिळवून देणाऱ्या दलालाचा पत्रा आहे. बुंध्याभोवती इंटरनेटच्या तारांचे वेटोळे आवळले आहे, आणि पदपथाचे काँक्रीट थेट सालीला आणून भिडवले आहे. जिवंत झाडाला खिळा ठोकणे हा या शहरात दंडास पात्र अपराध आहे. त्या अपराधाच्या पुराव्यासमोर उभे राहून ही सुशिक्षित माणसे रोज सकाळी एकमेकांची छायाचित्रे काढत होती.

यंदाच्या मोसमातील पहिल्याच फेरीत मी हे त्यांना ऐकवले. गुदमरलेले झाड कधी कधी नेहमीपेक्षा अधिक फुलते, मरण्याआधी बी मागे ठेवण्याची ती धडपड असते, आणि तुम्ही जिला वसंत म्हणता ती कदाचित या झाडाची अखेरची घरघर असेल, असे मी सांगितले. फेरीचा म्होरक्या आमच्या संघाचा सचिव होता. हा पुण्याचा तरुण शोळिंगनल्लूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. त्याने फोन खाली न घेताच उत्तर दिले.

“काका, तुम्हाला फुलांतसुद्धा केस दिसते. जरा श्वास घ्या. डॉक्टरांनी तेच सांगितलंय ना?”

जथा हसला. एका बाईने मला लिंबाचे सरबत देऊ केले. मी ते घेतले नाही.

या माणसाशी माझे वैर सरबताच्या आधीपासूनचे आहे. तो आमच्याकडे प्रथम आला तेव्हा माझ्या पत्नीने त्याला कॉफी दिली आणि घरच्या भाषेत विचारपूस केली. तिचे माहेर तंजावरचे. कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेल्या कुळांपैकी ते एक. तिची मराठी जुन्या वळणाची असून तिला तमिळचा हेल आहे. निम्मी भांडी आणि सगळ्या भाज्या तमिळमध्ये. कॉफी पिऊन झाल्यावर हा गृहस्थ म्हणाला, “काकूंची मराठी किती क्यूट आहे!” त्याच्या कंपनीच्या कुंपणाची पहिली वीट रचली जाण्याच्या कितीतरी आधी जी भाषा या मुलखात मुळे धरून होती, तिला त्याने खेळण्यातल्या बाहुलीचे विशेषण लावले. माझी पत्नी हसली. मी हसलो नाही, आणि तिने मला त्याबद्दल नंतर दोष दिला.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. आमच्या इमारतीच्या फाटकाशेजारी पदपथावर एक कडुनिंब आहे. इमारत बांधली गेली तेव्हाही तो होता. मार्चअखेर त्याला बारीक पांढऱ्या फुलांचे तुरे येतात. जवळ गेल्याखेरीज ते दिसत नाहीत, आणि छायाचित्रात तर मुळीच उठून दिसत नाहीत, म्हणून बहर फेरी त्याच्याजवळ कधी थांबत नसे. माझी पत्नी मात्र दर वर्षी त्या दिवसांत पहाटे जुने धोतर घेऊन खाली जाते, ते झाडाखाली पसरते, आणि रात्रभर गळलेली फुले गोळा करते. काही पाडव्याच्या गुळात जातात, काही तमिळ नववर्षाच्या पचडीत. उरलेली ती गच्चीवर वाळवून बरणीत भरते आणि वर्षभर तुपात तळून त्यांचे सार करते. हे सार कडू असते. मला ते लग्नानंतर आवडू लागले, आणि आता त्याच्याशिवाय शनिवार जात नाही.

सचिवाने नवी गाडी घेतली. ती फाटकातून वळत नव्हती, कारण वळणाच्या आड कडुनिंब येत होता. एवढे सरळ कारण कागदावर आणण्याचे धैर्य मात्र त्याच्याजवळ नव्हते. संघाच्या बैठकीत झाड रोगट आहे, रस्त्याकडे झुकले आहे, वादळात ते मुलांवर पडेल, असा ठराव आला. ज्या मुलांसाठी कळवळा दाखवला जात होता त्यांनी त्या झाडाखाली खेळू नये म्हणून याच संघाने त्यांना दटावले होते, याची मी आठवण करून दिली. झाडाच्या रोगाचे नाव काय, ते कोणत्या तज्ज्ञाने ठरवले आणि त्याचा लेखी अहवाल कोठे आहे, असे विचारले. “काका म्हणजे आमचं हायकोर्ट,” असे म्हणून सचिवाने हात वर करणाऱ्यांची मोजणी सुरू केली. माझा एकट्याचा विरोध नोंदवण्यात आला, तोही मी आग्रह धरला म्हणून.

पुढे मी पालिकेच्या कचेरीत अर्ज करून माहिती मिळवली. संघाला परवानगी मिळाली होती ती तारांना अडणाऱ्या फांद्या छाटण्याची. बुंध्याला हात लावण्याची परवानगी कुणीही दिलेली नव्हती. परंतु या शहरात झाडे कशी पडतात हे मी आयुष्यभर पाहिले आहे. फांद्यांचा कागद खिशात ठेवायचा, करवतवाल्यांना रविवारी सकाळी बोलवायचे, आणि सोमवारी कचेरी उघडेपर्यंत बुंध्याचे ठोकळे टेम्पोतून रवाना करायचे. सचिवाने रविवारच ठरवला आहे, हे आमच्या पहारेकऱ्याने माझ्या पत्नीला सांगितले.

मी त्याला कायदेशीर नोटीस दिली. आता वाचक विचारतील की एकाच जिन्यावर राहणाऱ्या माणसाला वर जाऊन सांगायला काय झाले होते. तोंडी सांगितलेल्याला पुरावा नसतो, हे माझे उत्तर. नोटीस मी पोचपावतीच्या टपालाने पाठवली. पोस्टमन आला तेव्हा सचिव शोळिंगनल्लूरला होता. पोस्टमनने दाराला चिठ्ठी अडकवली, आणि पाकीट टपाल कचेरीत परत गेले. माझ्या डोक्यावर असलेल्या दारात जाण्यासाठी निघालेली माझी नोटीस अशा रीतीने शनिवार-रविवार दोन मैलांवर कुलपात पडून राहिली. पत्नीला हे कळले तेव्हा तिने एवढेच विचारले, ‘मी जाऊ का वर सांगायला?’ मी नको म्हटले. पोलीस ठाण्यात फोन केला, तर तक्रार लेखी आणून द्या, सोमवारी पाहू, असे उत्तर मिळाले.

रविवारी सकाळी मी फाइल आणि घडीची खुर्ची घेऊन खाली उतरलो. झाडाखाली खुर्ची टाकून बसायचे, करवतवाल्यांना परवानगीची प्रत दाखवायची, आणि त्यांनी ऐकले नाही तर उठायचे नाही, असा माझा बेत होता. फाटकाबाहेर पाऊल टाकले आणि थबकलो. कडुनिंबाच्या बुंध्याला पिवळे लुगडे गुंडाळलेले होते. सालीला हळद फासली होती आणि तिच्यावर कुंकवाचे मोठे ठिपके. खाली केळीच्या पानावर लिंबे आणि भिजवलेले तांदूळ ठेवलेले, आणि पितळेचा एक दिवा जळत होता. तो आमच्या देवघरातला दिवा होता.

करवतवाले आलेच होते. त्यांच्यातील वडीलधाऱ्याने लुगड्याकडे पाहिले, पायांतली चप्पल काढली, हात जोडले, आणि माझ्याकडे वळून तमिळमध्ये म्हणाला की सर, इथे तर अम्मन आहे, हे तुम्ही आधी सांगायला हवे होते. कडुनिंब हे या भागात देवीचे झाड. हळदीचे वस्त्र नेसलेल्या कडुनिंबाला करवत लावणारा माणूस या जिल्ह्यात मिळणार नाही. त्यांनी दोर गुंडाळले आणि ते निघून गेले. जाताना त्यांनी सचिवाला आगाऊ दिलेल्या रकमेचा विषयही काढू दिला नाही.

सचिव अर्ध्या चड्डीवर खाली आला होता. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, परंतु ते सुख मला घेता आले नाही, कारण त्याने पहिला प्रश्न मलाच विचारला, आणि तो योग्य प्रश्न होता.

“काका, एक सांगा. भावना बाजूला ठेवून कायद्याने सांगा. फुटपाथवर देऊळ चालतं?”

“नाही.”

“मागच्या गल्लीतलं ते छोटं देऊळ कुणी हलवलं? तुम्हीच ना? पेपरात आलं होतं तुमचं पत्र.”

“हो.”

“मग लिहा की. आता का पेन वाळलं?”

तो शिट्टी वाजवत वर गेला. मी खुर्ची न उघडताच परत आलो.

पत्नी स्वयंपाकघरात हळदीचे हात धूत होती. मी तिला सांगितले, की तिने सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केले आहे, लोकांच्या श्रद्धेचा उपयोग करून त्यांना फसवले आहे, आणि ज्या गोष्टीविरुद्ध मी जन्मभर लिहीत आलो तीच माझ्या घरातून, माझ्या दिव्याने, झाली आहे. आवाज चढला होता, हे मान्य करतो. तिने हात पुसले.

“तुमचा कायदा सोमवारी उघडतो. ते आज आले.”

“म्हणून खोटे करायचे?”

“खोटं काय त्यात? कडुनिंब म्हणजे अम्मनच की आमच्यात.”

“मग इतकी वर्षे पूजा का केली नाहीस?”

“इतकी वर्षं करवत घेऊन कोण आलं होतं?”

मी त्या दिवशी जेवलो नाही. तिने आग्रह केला नाही.

देवता एकदा पदपथावर आली की एकटी राहत नाही. समोर हातगाडीवर इडल्या विकणाऱ्या बाईने दिव्यात तेल घालण्याचे काम आपणहून घेतले. रिक्षावाल्यांनी त्रिशूळ रोवला. शुक्रवारी आसपासच्या बायका हळदीच्या पाण्याचे तांबे घेऊन येऊ लागल्या आणि ते बुंध्याशी ओतू लागल्या. मी रोज सकाळी तिथून जात होतो आणि रोज माझ्या डोळ्यांदेखत एक बेकायदा गोष्ट वाढत होती. तिच्या डोक्यावर पानांच्या बेचक्यांत कळ्या धरू लागल्या होत्या, हेही मला दिसत होते. रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला करंज फुलले होते, त्यांच्या फुलांचा लाह्यांसारखा सडा पडत होता, आणि बहर फेरी तो तुडवत पुढे जात होती.

सचिव हा हुशार माणूस आहे, हे मी कधी नाकारलेले नाही. झाड पाडता येत नाही हे ध्यानात येताच त्याने देवीच्या सेवेचा पुढाकार घेतला. संघाच्या खर्चाने अम्मनसाठी फरशीचा चबुतरा बांधावा, त्याला फाटकाच्या बाजूने उतार द्यावा, असा प्रस्ताव त्याने आणला. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. नकाशा मी पाहिला. उतार गाडीच्या चाकांसाठी होता. चबुतऱ्याचे सिमेंट बुंध्याला चहूबाजूंनी सालीपर्यंत भिडणार होते, आणि झाडाच्या मुळांना जी थोडी उघडी माती उरली होती तीही जाणार होती. करवतीने एका सकाळी जे झाले असते ते सिमेंट दोन-चार वर्षांत करील, आणि तेव्हा झाड खरोखरच रोगट असेल, त्याला तज्ज्ञाचा अहवालही मिळेल.

“काका, आता तर विरोध नका करू,” तो मला जिन्यात म्हणाला. “देवीचं काम आहे. भक्तांच्या भावना दुखावतील.”

त्या रात्री पत्नीला मी स्थिती समजावून सांगितली. माझा एक अर्ज गेला की चबुतरा थांबेल, कारण पदपथावर कोणतेही बांधकाम करता येत नाही.

“आणि अम्मन?”

“तेही अतिक्रमणच. तीही हलवतील.”

“आणि मग झाड?”

आयुष्यात प्रथमच मला असा कायदा हाती धरावा लागत होता, जो पाळला तरी झाड मरणार होते आणि मोडला तरी मरणार होते. अर्जाचा मसुदा मी तयार केला. तो अचूक होता. तो मी पाठवला नाही, आणि का पाठवला नाही याचे समाधानकारक कारण मला आजही देता येत नाही.

गवंडी आला तो शुक्रवारी. वाळूचा ढीग पडला, घमेली आली, पहिला माल कालवला गेला. मी समोरच्या बाजूला उभा होतो. बायका तांबे घेऊन आल्या, त्यांत माझी पत्नी होती. तिने गवंड्याला तमिळमध्ये अगदी हळू आवाजात एक प्रश्न विचारला. आम्ही अम्मनच्या पायाशी पाणी ओततो, ते आता कुठे जाईल?

गवंड्याने उतार दाखवला. तिथून गटारात, तो म्हणाला.

इडलीवाल्या बाईचा आवाज हळू नाही. अम्मनच्या अंगावरचे पाणी गटारात घालणारा तू कोण, तुझ्या घरी आई नाही का, असे तिने सुरू केले, आणि ते दोन्ही गल्ल्यांना ऐकू गेले. बायका वाळूच्या ढिगावर बसल्या. सचिवाला बोलावणे गेले. त्याने आधी इंग्रजीत सांगून पाहिले, मग त्याला येत नसलेल्या तमिळमध्ये. “तंबी, तू बाजूला हो,” एका म्हातारीने त्याला धाकट्या भावाला सांगावे तसे सांगितले, आणि तो झाला. नंतर त्याच गवंड्याला त्यांनी छिन्नी घ्यायला लावली. पदपथाचे जुने काँक्रीट बुंध्यापासून हातभर अंतरापर्यंत गोल फोडून काढण्यात आले. खाली दाबलेली काळी माती उघडी पडली, आणि सर्व तांबे तिच्यात रिते झाले. पाणी क्षणभर साचले आणि मग आत मुरले.

झाडाभोवती माती मोकळी ठेवावी, हीच मागणी मी वर्षानुवर्षे अर्जांतून करीत आलो आहे. नियमांचा आधार देऊन, नकाशे जोडून, स्मरणपत्रे पाठवून. ती मागणी एका सकाळी मान्य झाली, आणि ज्यांनी ती मान्य केली त्यांनी माझा एकही अर्ज वाचलेला नव्हता. याचा मला आनंद झाला असे कुणी समजू नये. मला संताप आला आणि तो गेलेला नाही. झाडाला जगण्याचा हक्क देवी म्हणून मिळाला. झाड म्हणून तो त्याला कुणी दिला नाही. ज्या झाडाला लुगडे नेसवायला कुणाची पत्नी पहाटे उठणार नाही त्याचे काय, हा माझा प्रश्न आहे आणि तो कुणाला विचारावा हे मला कळत नाही. पत्नीला विचारला, तर ती म्हणाली की लुगडी बाजारात मिळतात.

तमिळ नववर्षाच्या आदल्या सकाळी मी नेहमीप्रमाणे चालायला निघालो. झाडाखाली जुने धोतर पसरलेले होते आणि पत्नी त्याच्या कडेला उकिडवी बसून फुले निवडत होती. इडलीवाली दिवा घासत होती. बहर फेरीही आली होती. सचिव लोकांना सांगत होता, की हे झाड आपल्या संघाने कसे वाचवले, आणि आता पदपथावरून जाताना सर्वांनी पायताणे काढावीत. सगळ्यांनी काढली होती. मी तसाच पुढे गेलो.

“अहो,” पत्नी वर न पाहता म्हणाली, “चप्पल.”

“हा पदपथ आहे. येथून पायताणासह जाण्याचा प्रत्येकाला हक्क आहे.”

सचिवाच्या चेहऱ्यावर हसू आले. पत्नीने माझ्याकडे पाहिले. तिने धोतराची कड माझ्या वाटेतून बाजूला सारली आणि फुले निवडू लागली. त्या बाजूला सारण्याने माझे पाऊल अडले. चप्पल घालून पुढे जाणे मला शक्य झाले नाही, आणि त्या माणसासमोर ती काढणे त्याहूनही नाही. मी पदपथावरून खाली उतरलो आणि झाडाला वळसा घालण्यासाठी रस्त्यावर गेलो.

या झाडाजवळून मी इतकी वर्षे गेलो तो नेहमी पदपथावरून, म्हणजे त्याच्या पोटाखालून. रस्त्याच्या मधोमध उभे राहून ते मी प्रथमच पाहिले. आमच्या तीन मजल्यांच्या वर त्याचा माथा गेला होता, आणि सगळा माथा फुलांनी पिठूळ पांढरा झाला होता. वाऱ्याबरोबर मधाचा आणि कडू असा दोन्ही वास येत होता. अगदी शेंड्याला, जिथे संघाने मागे कधी छाटलेल्या फांद्यांचे वण होते, तिथे तुरे सर्वांत दाट होते. ते जगण्याचे लक्षण आहे की मी वर्णिलेल्या घरघरीचे, हे मला खालून ठरवता आले नाही.

मागे पाण्याचा टँकर येऊन थांबला होता. चालकाने आधी भोंगा वाजवला, मग खिडकीतून डोके काढून मला ‘पेरुसु’, म्हणजे म्हातारबा, अशी हाक मारली, आणि रस्ता माझ्या आजोबांचा आहे का, असे विचारले. त्याचे म्हणणे कायद्याला धरून होते. पदपथ उपलब्ध असताना पादचाऱ्याने वाहनांच्या मार्गात उभे राहणे चुकीचेच आहे. फुले पाहून होईपर्यंत मी रस्ता सोडला नाही.